वाकले की थिटी पडते

९ नोव्हेंबर. सकाळपासून आभाळ गच्च. पाऊस नाही, वारा बोचरा.

मी बोलतेय ती एका जुन्या, मोठ्या कॅमेऱ्याची शटर केबल. हातभर लांब. बाहेरून काळं विणलेलं कापड, त्याखाली तारेच्या वेटोळ्यांची नळी आणि तिच्या आत सरकणारी पिळाची बारीक तार. एका टोकाला बटण, दुसऱ्या टोकाला पिन. बटण दाबलं की पिन शटरमध्ये घुसते आणि शटर उघडतं; सोडलं की मिटतं. बटण दाबलेलंच राहावं म्हणून मानेजवळ एक इवलासा स्क्रू. शटरची स्वतःची कळ कधीच तुटली आहे, त्यामुळे माझ्याशिवाय त्याचं पान हलत नाही.

माणसं भिंगाला मऊ फडक्याने पुसतात, मला खिशात कोंबतात. अशानेच पिनेजवळ माझं कापड विरलं आणि तारेचा पीळ सुटू लागला. काल माझ्या मालकिणीच्या, म्हणजे ताईच्या, धाकट्या भावाने मला दुरुस्त केलं. तो घड्याळजी. खराब टोक कापलं, कथिल वितळवून पिन पुन्हा जोडली, टेबलावर मला सरळ धरून बटण दाबलं.

"बघ ताई, नव्यासारखी!"

"तुझं नव्यासारखं मला ठाऊक आहे. स्वयंपाकघरातलं घड्याळ अजून मागे पडतंय."

"पण चालतंय ना?"

मला वाकवून कुणी पाहिलंच नाही. माझी वेटोळी वयाने सैल झाली आहेत. वाकवून दाबलं की तीच पसरतात आणि पिन थिटी पडते. हे मला कळत होतं, सांगता येत नव्हतं.

आज आम्ही बंद पडलेल्या गिरणीच्या जेवणघरात आलो. वरचा मजला, वीज तोडलेली. ताईच्या आईने तरुणपणी इथल्या भिंतीवर आपल्यासोबत काम करणाऱ्या सगळ्या बायका रंगवल्या होत्या. आता आईला जिना चढवत नाही, दिसतंही अंधुक. तिला ते चेहरे पुन्हा एकदा बघायचे आहेत. इमारत आजच पडणार.

"फोनवर काढा की, बाई," पाडकामाचा मुकादम म्हणाला.

"काढले. मोठे केले की चेहरे फुटतात. आईला एकही ओळखू येईना."

"बरं, मशीन थांबवतो. पण वरून फोन आला तर माझा नाइलाज आहे हं."

डब्यात फिल्म एकच उरली होती. ती घालण्याआधी ताईने मला सैल वळण देऊन बटण दाबून पाहिलं. काहीच झालं नाही.

"उघडत नाहीये रे."

"नीट दाब ना."

"आता काय अंगठा आत घालू?"

भावाने मला सरळ ताणलं. खट्. वाकवलं. गप्प. त्याचा चेहरा उतरला. "मी सरळच तपासली गं."

ताईने मला ताणून धरलं, तर तिच्या हाताची थरथर माझ्यातून थेट कॅमेऱ्यात गेली. चित्र दिसतं त्या मागच्या काचेवर सगळ्या बायका थरथरू लागल्या.

"आईला काय सांगायचं?" ती म्हणाली.

भावाने मोडक्या खिडकीची पातळ पट्टी उपटली आणि मोडलेल्या बोटाला बांधतात तसं मला तिच्यावर दोऱ्याने आवळलं. "आता वाकणार नाही. दाब, स्क्रू कस आणि सोडून दे. लोंबू दे."

"वजनाने कॅमेरा हलेल."

"हलू दे. थांबेपर्यंत मी भिंगासमोर डोक्यावरची टोपी धरतो."

फिल्म आत गेली. टोपी भिंगासमोर आली. ताईने बटण दाबलं, स्क्रू कसला, हात काढला. मी पट्टीसकट झुलू लागले. सगळा भार माझ्या पिनेवर. झोका थांबला.

"काढ," ताई पुटपुटली.

टोपी बाजूला झाली. उजेड इतका कमी की शटर बराच वेळ उघडं राहायला हवं होतं. मुकादमाचा फोन वाजला. "हो साहेब... नाही साहेब, बसलो नाहीये." माझ्या तारेचा एक पदर तुटला. मग दुसरा. पिन केसभर मागे सरली.

"अजून किती, बाई?"

"बोलू नका!"

"साहेब ओरडतायत..."

तिसरा पदर तुटला. स्क्रूची पकड सुटू लागली.

"झाक!"

टोपी भिंगासमोर आली, त्यानंतर माझी तार तुटली आणि शटर मिटलं. खाली मशीन सुरू झालं. जमीन हादरली.

१६ नोव्हेंबर. ऊन. फोटो मोठा करून आईच्या खोलीत भिंतभर लावला. बावन्न चेहऱ्यांपैकी एकोणपन्नास स्पष्ट आले, उजवीकडचे तीन पुसट. आईने जवळ जाऊन सत्तेचाळीस जणींची नावं सांगितली.