झेंड्याखालची जागा

तिने झेंड्याच्या दोरीची गाठ तिसऱ्यांदा आवळली आणि तरंगता गोळा पाण्यात सोडला. थोरला भाऊ धक्क्यावरून बघत होता. बोटवाल्यांचा तो पुढारी. खाली माणसं आहेत असं सांगणाऱ्या या झेंड्यापायी प्रत्येक बोटीला वळसा पडतो, ही त्यांची महिनाभराची कुरकुर. पाण्याखाली बुडी मारायला शिकवायचंच असेल तर तिने दुसरा किनारा बघावा, असं तो काल घरी येऊन बजावून गेला होता. घरात कुणी तिच्या बाजूने ब्र काढला नव्हता.

"आज पोरं झेंडा काढून टाकतील," तो म्हणाला. "मी कुणाकुणाला आवरू?"

"काढू देत. खाली मी आहेच."

गेल्या हंगामात एक बोट तिच्या शिष्येच्या डोक्यावरून गेली होती. बोटीच्या पंख्याने पाठीवरच्या हवेच्या टाकीला ओरखडा काढला. दोन इंच इकडे असती, तर पाठच कापली गेली असती. बोटवाला म्हणाला, दिसलीच नाही. तेव्हापासून ती हट्टाला पेटली होती.

झेंड्याची दोरी हातात धरून, दोन शिकाऊ बायकांना घेऊन ती तळाशी गेली. एक परिचारिका, दुसरी शाळेत शिकवणारी. पाच मिनिटं झाली असतील नसतील, तोच इंजिन ऐकू आलं. पाण्याखाली आवाज चहूकडून येतो, बोट कुठली ते कळत नाही. तिने हात आडवा धरून दोघींना थांबवलं. परिचारिकेने तिचं मनगट घट्ट पकडलं. आवाज एक नव्हता, दोन होते. एक डोक्यावर येऊन थांबला. दुसरा घिरट्या घालत राहिला, मग लांब गेला. आणि तिच्या हातातली दोरी वर ताणली गेली.

पोरं झेंडा काढताहेत, असं वाटून तिच्या मस्तकात तिडीक गेली. तरी घाई केली नाही. वर सगळं शांत झाल्याची खात्री केली आणि एक हात उंच धरून, दोरीच्या आधाराने दोघींना सावकाश वर आणलं. भांडणाची वाक्यं वर येता येताच जुळवून झाली होती.

झेंडा जागेवर होता. भावाची बोट त्याला खेटून, वाटेत आडवी उभी होती. बोटीच्याच टोकाला दोरी अडकली होती. पलीकडे त्याच्याच संघटनेतली दुसरी बोट लांबचा वळसा घेऊन चालली होती.

"इंजिन बंद पडलंय," तो तिच्याकडे न बघता म्हणाला.

किल्ली त्याच्या मुठीत होती.

तिने तोंडातली नळी काढली. जुळवलेलं एकही वाक्य कामाचं उरलं नव्हतं.

"अर्धा तास तरी दुरुस्त होऊ देऊ नकोस," ती म्हणाली, आणि दोघींना अंगठ्याने खाली जायची खूण केली.