आरपार दिसणारी काकडी

माझी विधी माझ्या हातची काकडी खात नाही. काकीच्या हातची खाते.

एवढंच आहे. कुणाला सांगितलं तर हसतील, म्हणून सांगितलं नाही. पण ज्या मुलीच्या वजनासाठी मी दर महिन्याला डॉक्टरांपुढे मान खाली घालून बसते, जी माझ्या ताटातलं काहीही तोंडात धरून ठेवते आणि माझी पाठ वळली की पडद्यामागे थुंकते, ती साडेतीन वर्षांची मुलगी मोहिनीच्या ताटलीतली काकडी मागून मागून खाते, हे रोज डोळ्यांनी बघायचं म्हणजे काय, ते बघणाऱ्यालाच कळेल.

मोहिनी माझी जाऊ. माझ्या दिराची, अनुजची बायको. गेल्या हिवाळ्यात लग्न होऊन धुळ्याहून आली. तिच्या माहेरी आग्रा रोडला भांड्यांचं दुकान. आमच्या मारवाडी जैनांकडच्या मुली माहेराहून साड्या, चांदीचे ग्लास आणतात. हिच्या बॅगेतून टॉवेलात गुंडाळलेला एक दगड निघाला. विटेपेक्षा लहान, एक बाजू करडी, एक बाजू दुधाळ. चाकूला धार लावायचा.

"दगड आणला बिनणीने हुंड्यात," सासूबाई तेव्हा नव्या सुनेबद्दल म्हणाल्या होत्या. महिन्याभरात त्याच सायरबाई शेजारणींना सांगायला लागल्या, "आमच्या छोट्या बिनणीचा टमाटा बघा. रस सुटत नाही, काही नाही."

मोठ्या बिनणीच्या टमाट्याबद्दल त्या काही बोलायच्या नाहीत. बोलण्यासारखं नव्हतंच. कारण आमच्या घरातले चाकू बोथट होते, आणि ते मी मुद्दाम बोथट ठेवले होते. विधी रांगायला लागली तेव्हापासून. गल्लीत भिकन धारवाला सायकल घेऊन यायचा, स्टँडवर उभी करून पायडल मारायचा, ठिणग्या उडायच्या. पूर्वी सासूबाई सगळे चाकू-कात्र्या त्याच्यापुढे ठेवायच्या. मी ते बंद केलं. एकदा त्याने आमचा चाकू नुसता बघितला आणि म्हणाला, "बठ्ठी धार गयी शे, ताई!" मी म्हटलं, "असू दे गेलेली." रांगतं मूल असलेल्या घरात धारदार चाकू कशाला? मी बी.एस्सी. आहे, विचार करून ठरवलेलं होतं.

"उलट असतं भाभी," मोहिनी आल्या आल्याच म्हणाली होती. "बोथट चाकूवर जोर द्यावा लागतो. मग तो घसरतो आणि बोटावर येतो."

माझ्या अंगठ्याला तेव्हा पट्टी होती. ती मी पदराखाली घेतली.

तर ती दुपारी ओट्यावर धार लावायची तयारी करायची. दगड आधी पाण्यात बुडवायचा, त्यातून बुडबुडे निघायचे, आणि विधी ते बघत शेजारी स्टुलावर. बुडबुडे थांबले की दगड ओल्या फडक्यावर. मग पातं किंचित उचलून, सावकाश, टाचेपासून टोकापर्यंत. सुंऽऽ, सुंऽऽ. ना घाई, ना जोर. मग काकडी कापायची. चकती इतकी पातळ की विधी ती डोळ्याला लावून आरपार बघायची.

"काकी, तू पाण्यात आहेस!"

"मग मला वाचव ना. खाऊन टाक पाणी."

आणि विधी खायची. मी दाराच्या चौकटीत, हातात तिच्या घडी घातलेल्या चड्ड्या. मी तिची आई, तिला मी कधी पाण्यात दिसले नाही.

मी पुनीतला, माझ्या नवऱ्याला, म्हटलं, "विधी फार काकी काकी करते."

"चांगलंच आहे की. तुला थोडी उसंत."

उसंत! नवऱ्यांना काय सांगायचं.

मग मी ठरवलं. ती जे करते ते मीही करीन, पण तिचा दगड घेऊन नाही. मोबाईलवर व्हिडिओ बघितले. कुणी म्हणे कपाच्या बुडाच्या खरबरीत कडेवर घासा, कुणी म्हणे दगडच, कुणी म्हणे फटींचं छोटं यंत्र घ्या, चाकू घालून ओढला की झालं. कप करून बघितला. चाकूला काही झालं नाही, कपाला काळे ओरखडे पडले. मग यंत्र मागवलं. पार्सल आलं तेव्हा सासूबाईंना म्हटलं, विधीची औषधं आहेत. शिवाय फुले मार्केटमधून एक कुरुंदाचा दगडही आणला, लाल, रवाळ. दोन्ही वस्तू विधीच्या जुन्या स्वेटरांखाली ठेवल्या.

आता करायचं कधी? स्वयंपाकघरात मोहिनी नसेल अशी वेळच नसायची. तेव्हा मला आठम, म्हणजे अष्टमी, सुचली. आठम-चौदसला आमच्या घरी हिरवी भाजी चिरत नाहीत. गट्ट्याची भाजी, पापडाची भाजी, डाळ. चाकू दिवसभर ड्रॉवरमध्ये पडून असतात, कुणी हात लावत नाही. मी मोठा चाकू ओढणीत गुंडाळला आणि दुपारी सगळे आपापल्या खोलीत गेल्यावर गच्चीवर गेले.

आधी लाल दगड. कोरडाच. व्हिडिओतल्या माणसाने कोन वीस अंश सांगितला होता, म्हणून कॉलेजच्या कंपासपेटीतला कोनमापक आणला होता. तो धरायचा कसा आणि चाकू धरायचा कसा, दोन हातांत जमेना. शेवटी कोनमापक बाजूला ठेवला आणि नुसता घासला. मग यंत्रात घातला आणि पुढेमागे, पुढेमागे, जोर लावून. खरखर, खरखर. पातं चकाकलं. मला घाम आला होता, पण आनंद झाला होता.

धार आली का, हे बघायचं कसं? व्हिडिओतला माणूस टमाटा कापून दाखवायचा. आठमीला टमाटा कुठला! दुसरा एक जण वर्तमानपत्राचा कागद उभा कापायचा. पण छापलेला कागद आमच्याकडे कापत नाहीत. ज्ञानाची आशातना, म्हणजे अनादर, होतो, सासूबाई पुडीसुद्धा वर्तमानपत्रात बांधू देत नाहीत. राहिलं केळं. पिकलं केळं आमच्या घरी आठमीलाही चालतं. "जळगावात राहून केळं बंद केलं तर पोरांनी खायचं काय?" हा सासऱ्यांचा, भिकमचंदांचा, निवाडा.

केळ्याची साल काढली. चाकू टेकवला. सर्रकन! चकती कशी, नाण्यासारखी. अख्खं केळं कापलं आणि गच्चीवर एकटीच बसून खाल्लं. उद्या काकडी, म्हटलं. उद्या माझी विधी मला पाण्यात बघेल.

केळं बोथट चाकूनेही कापलं जातं. चमच्याच्या कडेनेही. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. मला त्या दुपारी ते आठवायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जेवणाआधी मी मुद्दाम मोहिनीच्या आधी ओट्याशी उभी राहिले. विधीला स्टुलावर बसवलं. सासूबाई समोर तांदूळ निवडत होत्या.

"आज आई करणार," मी म्हटलं.

पहिल्या दोन चकत्या बऱ्या आल्या. तिसरीला चाकू अडकला. मी जोर दिला. चकती एका बाजूने जाड, एका बाजूने फाटकी, मधे रस. चौथी तशीच, आणि तिच्या कडेवर एक करडी रेघ. विधीने ती उचलली, डोळ्याला लावली.

"दिसत नाही."

"दिसेल गं, नीट बघ."

"नाही दिसत. काकी, तू कर ना!"

मोहिनी हात पुसत आली. मी चाकू ओट्यावर आपटला. धारेची वस्तू आमच्याकडे कुणी कुणाच्या हातात देत नाही, खाली ठेवायची, दुसऱ्याने उचलायची. त्यामुळे माझं आपटणं रिवाजात खपून गेलं. तिने तो उचलून खिडकीच्या उजेडात धरला. मीही बघितलं. धार करवतीसारखी झाली होती, आणि एका कडेला बारीक तार वळून बसली होती.

तिने ताटलीतली सगळी काकडी केराच्या डब्यात टाकली. विधीच्या हातातलीही काढून घेतली.

"अरे, टाकली का?" सासूबाई.

"लोखंडाचा कीस लागला होता, मम्मी. पोटात जायला नको."

पोटात! मी आजवर विधीचा प्रत्येक घास सोलून, पुसून, गाळून दिलेला.

"चाकूला काय झालं?" सासूबाईंनी विचारलं.

"मीच काल घासला, घाईत. चुकीच्या बाजूने," मोहिनी म्हणाली.

"आठमीला?" सासूबाईंनी तिच्याकडे चष्म्यावरून बघितलं. "तिथीला धार लावायची असते का? माहेरी हेच शिकवलं?"

"चुकलं, मम्मी."

तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं. तिने माझा बोल स्वतःवर घेतला, आणि मला काय वाटलं? मला राग आला. काकडी तिची, मुलगी तिची, आणि आता चांगुलपणाही तिचाच? माझ्यासाठी काहीतरी ठेवशील की नाही? दुपारी तिच्या खोलीशी जाऊन आभार मानावेत म्हणून उठलेही. दारातून आतलं हसणं ऐकलं, त्यात विधीचं होतं, आणि परत फिरले.

पुढच्या आठवड्यात मोहिनी चुलतभावाच्या लग्नाला धुळ्याला निघाली. बॅग दारात, रिक्षा खाली हॉर्न वाजवत होती. तिने टॉवेलातला दगड ओट्यावर ठेवला.

"भाभी, हा राहू दे इथे."

"कशाला? घेऊन जा."

"देत नाहीये हो, ठेवून जातेय. धारेचं काही कुणाला दिलं की त्याच्या कापण्याचं पाप अर्धं अर्धं होतं म्हणतात मम्मी." ती हसली. "दाखवू का कसं करायचं? दोन मिनिटं लागतात."

"मला जमतं," मी म्हटलं.

विधी दोन दिवस रडली. तिसऱ्या दिवशी तिने जेवणाची ताटली ढकलली आणि वरणाचा ओघळ भिंतीपर्यंत गेला. मी भिंत पुसली, विधीला सासूबाईंकडे दिलं आणि दगड पाण्यात टाकला.

आणि मग एक गंमत झाली. मला सगळं येत होतं. इतके महिने दाराच्या चौकटीत उभी राहून, दातओठ खात, मी तिची एकही हालचाल सोडली नव्हती. करडी बाजू आधी. पातं एवढंच उचलायचं की पाठीखाली करंगळीचं टोक जाईल. ओलं फडकं दगडाखाली, घसरू नये म्हणून. एका बाजूने घासत राहायचं, दुसऱ्या कडेला ती तार बोटाला जाणवेपर्यंत. बोट धारेवरून आडवं न्यायचं, कधीच लांबीने नाही. मग दुसरी बाजू. मग दुधाळ बाजूवर हलके, आळीपाळीने, तार निघून जाईपर्यंत. शेवटी चाकू धुवायचा, पुसायचा. तिच्यावर प्रेम असतं तर मी एवढं बारकाईने बघितलं नसतं.

सुंऽऽ. तोच आवाज आला. करवतीचे दात जायला वेळ लागला, खांदे भरून आले, पण गेले.

काकडी ठेवली. चाकू नुसता टेकवला, आणि तो आपल्या वजनाने उतरला.

विधी स्वतःहून आली. आवाज ऐकून आली असणार. स्टुलावर चढली, चकती उचलली, डोळ्याला लावली.

"आई, तू पाण्यात आहेस!"

"मग वाचव ना मला," मी म्हटलं.

तिने खाल्ली. दुसरी लावली, खाल्ली. मग म्हणाली, "काकीला दाखवायची. फोन लाव."

फोन हाताशीच होता.

"काकी झोपली असेल. आधी संपव."

सकाळचे अकरा वाजले होते. मोहिनी दिवसाची कधी झोपत नाही, हे विधीलाही माहीत आहे. तिने माझ्याकडे जरा बघितलं. पण खाल्लं. ताटली रिकामी झाली, तिने बोट चाटलं, तेव्हा मी फोन लावला.

"काकी! आई पाण्यात होती!"

"हो? बघू, दाखव बघू."

दाखवायला एकही चकती उरली नव्हती. मी फोन पाण्याच्या लोट्याला टेकवला, पातं तिला नीट दिसेल असा चाकू धरला, आणि हवी त्याहून पातळ चकती कापली.

"वा, भाभी!" मोहिनी म्हणाली. खरंच खूश झाली होती ती. तिला खोटं येत नाही, तोच तर त्रास आहे.

"काकी, तू कधी येणार?" विधीने विचारलं.

मी आणखी एक कापली.