फीडरच्या वाटेतला कापूस

शहाऐंशी साली आदिलाबादच्या कापूस बाजारासमोर विठ्ठलराव अडत्यानं दोन मजली दुकानांची इमारत उठवली आणि विजेचं काम खुशाल वायरमनला दिलं. खुशालच्या बापानं जैनथ गावाकडे जन्मभर दुसऱ्यांच्या शेतात निंदण केलं होतं. पोरानं परीक्षा देऊन लायसन काढलं, आणि एवढं मोठं काम त्याच्या हाती पहिल्यांदाच आलं होतं. गुरुवारी विजेचा सरकारी इन्स्पेक्टर तपासायला येणार होता. काम नापास झालं तर लायसन खुशालचं जाणार होतं, विठ्ठलरावांचं काहीच जाणार नव्हतं.

सोमवारी तो फीडर ओढायला आला. फीडर म्हणजे खालच्या मीटरच्या खोलीतून वरच्या मजल्याला वीज नेणारी मनगटाएवढी जाड केबल. तिच्यासाठी त्यानं जिन्यापासून वेगळी, खालून वरपर्यंत एक उभी पोकळी बांधून घेतली होती. आता तिच्या दाराला कुलूप होतं. विठ्ठलरावांकडून किल्ली आणून दार उघडलं, तसा आतला कापूस त्याच्या छातीवर आला.

बाजाराची रीत अशी, की बोलीआधी अडत्या प्रत्येक गाडीतून मूठभर कापूस काढून पाहतो. पाहिलेली मूठ गाडीत परत जात नाही. विठ्ठलरावांच्या अख्ख्या हंगामाच्या मुठी त्या पोकळीत दडपून बसल्या होत्या.

विठ्ठलराव म्हणाले, कापूस निघणार नाही, केबल जिन्याच्या भिंतीनं ने, वरून लाकडी पट्टी मार, कोण बघतं. खुशालनं समजावलं, की आग लागली तर वरची माणसं त्याच जिन्यानं पळतील, म्हणून तिथं फीडर चालत नाही. आणि कापसाजवळ तर नाहीच नाही. विठ्ठलरावांनी जांभई दिली.

"मंग एकच वाट उरली, मालक. तुमच्या बैठकीच्या भिंतीवरून."

"ने ना तिकून. मले काय सांगून राह्यला?"

खुशालला एवढंच हवं होतं. त्यानं निळीत दोरी भिजवली आणि नव्या चुन्याच्या भिंतीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ मारली. लोडाला टेकलेल्या विठ्ठलरावांच्या डोक्यावर वीतभर. मधोमध लाल पाटी ठोकली: कवटी, दोन हाडं आणि तेलुगूत धोक्याची सूचना. पाटी केबल आल्यावर लावायची असते, हे मात्र तो बोलला नाही.

मंगळवारी जैनथचा धोंडीबा कापसाची गाडी घेऊन आला आणि वहाणा हातात धरून उंबऱ्यातच थांबला. विठ्ठलरावांनी बस म्हटलं.

"आमी इथंच बरे हाव, मालक."

केबल अजून यायची आहे, असं खुशाल ज्याला त्याला खरंखरं सांगत होता. त्यामुळे लोक जास्तच भ्याले. विठ्ठलरावांनी गादी तीनदा सरकवली, पण रेघ भिंतभर होती. दुपारपर्यंत सगळे विकणारे समोरच्या अडत्याकडे जाऊन बसले.

बुधवारी सकाळी विठ्ठलरावांनी किल्ली खुशालच्या पायापाशी फेकली आणि कवटी काढायला सांगितली.

कापूस बाहेर काढायला व्हरांड्याशिवाय जागा नव्हती, आणि व्हरांड्यासमोर, पलीकडच्या अडत्याकडे लागलेल्या गाड्यांची रांग. ढीग कठड्याला लागला. धोंडीबा त्याच्याभोवती एक चक्कर मारून आला.

"मालक, याच्यातली माही मूठ कोन्ती?"

"घे पाहून," विठ्ठलराव चिडून म्हणाले.

धोंडीबानं मूठभर कापूस उचलला, उजेडात धरला, अडत्यासारखा धागा ओढून पाहिला आणि शांतपणे बंडीच्या खिशात घातला. "पाह्यली," म्हणाला. मागून दुसरा आला, तिसरा आला. सगळ्यांनाच पाहायचं होतं. संध्याकाळी व्हरांडा झाडायचीसुद्धा गरज उरली नाही.

त्याच रात्री फीडर पोकळीतून वर गेला. खालची आग वर चढू नये म्हणून खुशालनं मजल्याच्या भोकाभोवती सिमेंट भरलं.

गुरुवारी इन्स्पेक्टरनं बॅटरी मारून सगळं तपासलं. एका क्लॅम्पला कापसाचा एवढासा पुंजका अडकलेला होता. तो चिमटीत धरून त्यानं विचारलं, हे काय.

खुशालच्या आधी विठ्ठलरावच पुढं झाले.

"टाकून द्या साहेब. पाहू नका."

इन्स्पेक्टरनं पुंजका फुंकून दिला आणि खुशालच्या कागदावर सही केली.