निषेधाची शून्यं

"घाण कोणी केली?" पोशाने पुन्हा विचारलं.

"बंगलेवाल्यांनी," निवेदिता म्हणाली.

"मंग पैसं आमी का द्यायचं?"

"द्यायचे नाहीत हो, दादा. नुसतं सांगायचंय. समजा, ओढा स्वच्छ राहावा म्हणून महिन्याला काही द्यावं लागलं असतं, तर तुम्ही किती दिलं असतं?"

"काय नाय."

"म्हणजे ओढा घाण झाला तरी चालेल?"

"असं कवा बोललो मी?" पोशाचा आवाज चढला. "त्याच पान्यावर जगतोय आमी. पन पैसं नाय देनार. ज्यानं घान केली त्याच्याकडं जा."

निवेदिताने टॅबवर शून्य टाकलं. दुसरं काही टाकायला जागाच नव्हती.

कशेळ्याच्या वरच्या अंगाला डोंगरउतारावर ही ठाकरांची वाडी होती. वाडीच्या वर, त्याच ओढ्याला लागून शनिवार-रविवारच्या बंगल्यांची एक वसाहत झाली होती आणि तिचं सांडपाणी ओढ्यात उतरत होतं. त्यावर दोन उपाय निघाले होते. एक, वसाहतीतच सांडपाणी शुद्ध करायचं केंद्र बांधायचं. ते महाग होतं. दुसरा, सगळं पाणी पाइपने खाली आणून वाडीच्या वरच्या वळणावर सोडून द्यायचं. ते स्वस्त होतं. केंद्रावरचा खर्च परवडतो का, हे ठरवायला मुंबईच्या एका संस्थेला अभ्यास दिला होता. लोकांना स्वच्छ ओढा किती मोलाचा वाटतो ते त्यांनाच विचारायचं, सगळ्यांचे आकडे मिळवायचे आणि बेरीज खर्चाशी ताडून पाहायची, अशी पद्धत. निवेदिता दहिवलीची, अर्थशास्त्रात एम. ए. झालेली. गावाजवळचं काम म्हणून तिने आनंदाने घेतलं होतं.

पोशासारखंच उत्तर बहुतेक घरांतून आलं. नंदाचं तेवढं वेगळं. तिने निवेदिताला ओट्यावर बसवलं, कोरा चहा दिला आणि म्हणाली, "हजार लिव."

"महिन्याला हजार? तुला परवडतील?"

"नाय परवडत. पन तुमाला आकडा पायजे ना? मोठा लिव, म्हंजे त्यांना कळंल."

बंगलेवाल्यांची उत्तरं मात्र पटापट आली. त्यांना असे प्रश्न सवयीचे होते. वास जावा म्हणून बऱ्यापैकी पैसे द्यायला ते तयार होते. केंद्र झालं काय नि पाइप झाला काय, त्यांना दोन्ही सारखंच होतं.

महिनाभराने केयूर सरांनी फोन केला. अभ्यासाचे प्रमुख ते. माणूस वाईट नव्हता. निवेदिता त्यांच्याकडूनच हा विषय शिकली होती.

"वाडीची शून्यं काढून टाकावी लागतील," ते म्हणाले. "ती निषेधाची शून्यं आहेत. त्यांना ओढ्याचं मोल नाही असं नव्हे, त्यांना प्रश्नच मान्य नाही. अशी उत्तरं आपण धरत नाही."

"आणि नंदाचे हजार?"

"उत्पन्नाच्या मानाने अशक्य आकडा. तोही बाद."

"मग वाडीचं उरलं काय, सर?"

"चार-पाच घरं. त्यांचे आकडे अगदीच किरकोळ आहेत."

"आपण प्रश्न उलटा विचारू या ना. ओढा घाण झाला तर भरपाई किती घ्याल?"

"तिथे लोक वाटेल ते आकडे सांगतात, निवेदिता. किंवा म्हणतात, कितीही दिलं तरी नको. त्याची बेरीज कशी करायची?"

हे ती स्वतःही परीक्षेत लिहून आली होती. म्हणूनच तिला जास्त चीड आली.

ती पुन्हा वाडीवर गेली. अभ्यासाचं सगळं राजकारण उघड करून तिने लोकांना सांगितलं, "परवडेल असा काहीतरी आकडा सांगा. नाहीतर तुमच्या डोक्यावर पाइप येतोय."

नंदा लगेच पोशावर उखडली. "सांग ना रं एकदाचा! तोंडातनं बोलायला काय जातंय तुजं?"

"आज आकडा बोललो, उद्या पावती घिऊन येतील. मंग तू भरशील?" पोशा निवेदिताकडे वळला. "ताई, तुमी लिवून देता, कोन वसुलीला येनार नाय म्हनून?"

असं लिहून द्यायचा अधिकार तिला नव्हता. तिने तसं सांगून टाकलं. माणसं एकेक करून उठून गेली. परत येताना शेअर जीपमध्ये तिला पोशाचा राग येत होता, सरांचा येत होता आणि सगळ्यात जास्त त्या प्रश्नाचा, जो तिने स्वतःच्या तोंडाने घरोघर जाऊन विचारला होता.

अहवाल आला. केंद्र परवडत नाही, पाइप योग्य, असा निष्कर्ष. निवेदिताच्या भांडणाचं फळ म्हणून शेवटच्या पानावर, अभ्यासाच्या मर्यादांमध्ये, एक वाक्य आलं होतं: काही कुटुंबांनी उत्तर देण्यास नकार दिला.

"नकार नाही दिला, सर. उत्तर दिलं होतं."

"वाक्य तरी आलंय ना?" सर म्हणाले. ते खरोखर समजूत घालत होते.

पाइपसाठी चर खणायला सुरुवात झाली, तशी वाडी त्या चरात जाऊन बसली. पोशा सगळ्यात पुढे. पोलिस आले, तहसील कचेरीतून माणसं आली, नंदाने सगळ्यांना ओढ्याकाठचा डवरा दाखवला, जिथे वाळूतून झिरपलेलं पाणी वाडी पिते. काम थांबलं. निवेदिताला कळलं तेव्हा तिने घरात मोठ्याने ओरडून आईला सांगितलं.

त्याच आठवड्यात सरांचा फोन आला. "कामाला उशीर झाला की खर्च वाढतो. तो धरून हिशेब नव्याने मांडलाय. पाइप डोंगराच्या पलीकडच्या बाजूला उतरवणं आता जास्त स्वस्त पडतंय. तिथेही एक वाडी आहे. झटपट पाहणी करशील?"

"केंद्राचा हिशेब पुन्हा नाही मांडला?"

"लोकांच्या आकड्यांची बेरीज तीच आहे ना."

"मी नाही करणार, सर."

"ठीक आहे. दुसऱ्या कोणाला तरी पाठवतो."

पाहणीच्या आधी आपणच जायचं, असं तिने ठरवलं. पलीकडची वाडी लांब होती. शेवटची चढण पायीच. तिथे धाकलू नावाच्या म्हाताऱ्याच्या अंगणात बायामाणसं जमली. तिने सगळं पहिल्यापासून सांगितलं. बंगले, ओढा, पाइप, पोशाची वाडी, चरात बसलेली माणसं. लोकांनी मन लावून ऐकलं.

मग धाकलूने विचारलं, "पाइप आनायला गाडी लागंल ना?"

"लागेल."

"मंग रस्ता करावा लागंल त्यांना?"

"करतील बहुतेक."

अंगणात कुजबुज झाली. एक बाई पुढे सरकली. "नक्की करतील ना गं बाय? पोरीला बाळंतपनाला झोळीतनं खाली न्यावं लागतं."

"पण पाणी?" निवेदिता म्हणाली. "तुमचं पिण्याचं पाणी नासेल. मी तेच सांगायला आलेय."

"पान्याचं बगू," धाकलू म्हणाला. "आदी रस्ता येऊं दे."

निवेदिताला रडावंसं वाटलं, ओरडावंसंही वाटलं. त्यातलं काहीच न करता ती जमिनीवर मांडी घालून बसली आणि पाण्याचं पुन्हा सांगू लागली.