बिब्याचे चार थेंब

हर्षाच्या भांगात नवी लव दिसली तेव्हा पार्वताबाईनं नाकाडोंगरी गावभर दवंडी पिटायची तेवढी बाकी ठेवली होती. अंगणात उन्हाला पोरीला बसवून तिनं डोकं इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं, पुन्हा इकडून पाहिलं. लवच होती. काळी, बारीक, बोटाला लागेल न लागेल अशी. "आले व माय, आले!" म्हणत तिनं पोरीवरून हात ओवाळून कानशिलावर कडाकडा बोटं मोडली.

दोन वर्षांपूर्वी टायफॉइडनं हर्षाचे केस नेले. उशीवर केस, मोरीत केस, भाकरीत केस. भांग रुंद होत होत टाळू उघडी पडली. सत्तावीस वर्षांची पोरगी, तुमसरला ऑनलाइन फॉर्म भरून द्यायच्या दुकानात कामाला. दिवसभर लोकांचे फोटो फॉर्मला जोडायची आणि स्वतःचा फोटो काढायचा म्हटलं की ओढणी पुढे ओढायची. बाप तिच्या लहानपणीच गेलेला. घरात या दोघीच, त्यामुळे एकीच्या डोक्याचा घोर दुसरीच्या जिवाला.

मग भंडाऱ्याच्या डॉक्टरीणबाईंनी सुयांचा उपाय सांगितला. मायक्रोनीडलिंग म्हणायच्या त्या. पार्वताबाईसाठी त्या सुयाच. आधी डोक्याला बधिर करणारं मलम लावायचं, मग पेनासारखं एक मशीन टाळूवरून फिरवायचं. त्याच्या टोकाला बारीक बारीक सुया. टाळूवर रक्ताचे टिपके उमटायचे. वरून औषध सोडायचं. महिन्यातून एकदा, अशा सहा बैठका. पहिल्या वेळी पार्वताबाईनं डोळे गच्च मिटून घेतले होते, तेव्हा डॉक्टरीणबाई हसून म्हणाल्या, "आजी, घाबरू नका. या छिद्रांतून औषध थेट मुळापर्यंत जातं. नुसतं वरून लावलं तर वरच्या वर राहतं." आणि हर्षाला दर वेळी बजावायच्या, "चोवीस तास डोक्याला काहीही लावायचं नाही. तेल तर नाहीच नाही."

दोन्ही गोष्टी पार्वताबाईनं ऐकल्या. ध्यानात एकच राहिली.

आता पार्वताबाईचं काम कोणतं, तर बिबे फोडायचं. थंडीत रानातून बिबे आणायचे, दगडावर ठेवून फोडायचे, आतली गोडंबी काढून विकायची. बिब्याचं तेल कातडीला लागलं की फोड येतात, अंग सुजतं. बिबा उतला म्हणतात त्याला. नव्या बाया हाताला तेल चोपडून, फडकी गुंडाळून बसत. पार्वताबाई उघड्या हातांनी फोडायची. चाळीस वर्षांत तिला बिबा एकदाही उतला नव्हता. बोटं तेवढी काळी पडली होती, कायमची. "मले ओळखते तो," असं ती गमतीनं म्हणायची. तिच्या बापाच्या डोक्याला एकदा चाई लागून रुपयाएवढी जागा साफ झाली होती. तिथं तिच्या आईनं बिब्याचं तेल जवसाच्या तेलात मिसळून लावलं आणि दोन महिन्यांत केस आले होते. हे तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. तिला कुणी काय समजवावं?

इकडे शहापूरचा भोजराज होता. शाळेत क्लार्क. मंदाबाईनं, म्हणजे पार्वताबाईच्या नणंदेनं, स्थळ आणलं. हर्षाचा फोटो गेला तो टायफॉइडच्या आधीचा, जाड वेणीचा. दोन महिने दोघं फोनवर बोलत होते. पोरगी फोन घेऊन बोरीखाली जायची आणि हसत परतायची. किती दिवसांनी हसत होती! डोक्याचं मात्र तिनं त्याला सांगितलं नव्हतं. "सहा बैठका होऊ दे आई, मंग मी ओढणी न घेता त्यायच्या समोर बसीन," म्हणायची. पाहुणे मार्चअखेर येणार होते.

जानेवारीत चौथ्या बैठकीच्या आदल्या दिवशी मंदाबाईचा फोन आला. भोजराजच्या भावाची सुट्टी बदलली, पाहुणे येत्या पंधरवड्यातच येतात. हर्षा आरशासमोर उभी राहिली. ती लव, आईला इतकी भारी वाटलेली, आरशात दिसतही नव्हती. "काय पाहतीन ते आई? खोटा फोटो देल्ला म्हणतीन," म्हणत ती मटकन खाली बसली आणि लहान लेकरासारखी रडली. पार्वताबाई बोटांवर दिवस मोजू लागली. पंधरा दिवस! पंधरा दिवसांत काय होते?

दुसऱ्या दिवशी भंडाऱ्याहून दोघी परतल्या त्या दुपारी. डोकं अजून बधिर होतं. थकलेली हर्षा पडवीत आईच्या मांडीवर डोकं टेकवून झोपली. पार्वताबाई त्या डोक्याकडे पाहत राहिली. लाल लाल छिद्रं, सगळी उघडी. बापाच्या बंद कातडीवर बिब्यानं दोन महिने घेतले. इथं तर रस्ताच मोकळा आहे, थेट मुळापर्यंत. तिनं पोरीचं डोकं अलगद उशीवर ठेवलं. दिवा लावला, बिब्याला दाभण टोचून ज्योतीवर धरला आणि वाटीभर जवसाच्या तेलात चार थेंब पाडले. चारच. मग कापसाच्या बोळ्यानं ती टाळू भिजवायला बसली.

हर्षा झोपेतच पुटपुटली, "आई, डॉक्टरनं काई लावू नको म्हटलं ना?"

"हात फिरवून राहिली मी नुसता. झोप."

खोटं बोलली बाई. आयुष्यात पोरीशी कधी बोलली नव्हती आणि बोलली ती नेमकी तेव्हा. पोरगी निवांत झोपली.

संध्याकाळी खाज सुटली. रात्री डोकं पेटलं. सकाळी टाळूवर फोड होते आणि डोळे सुजून मिटले होते. पार्वताबाईनं नजर टाकली आणि ओळखलं. जगात दुसऱ्या कुणी ओळखलं नसतं तरी तिनं ओळखलं असतं. तिनं घाईघाईनं खोबरं वाटून त्याचं दूध लावलं. हर्षानं विचारलं, "काहून झालं व असं?" तर म्हणाली, "सुयांचंच असंल." आज सांगू, उद्या सांगू करता करता तीन दिवस गेले, फोड फुटून पाणी वाहू लागलं आणि हर्षा स्वतःच उठून भंडाऱ्याला निघाली. आई मागोमाग.

दवाखान्यात हर्षानं डॉक्टरीणबाईंना नको नको ते सुनावलं. "तुम्ही जाळलं माझं डोकं! सांगा, कोणतं औषध टाकलं?" बाहेर बसलेले पेशंट दारात गोळा झाले. डॉक्टरीणबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. त्या परत परत एकच विचारत होत्या, "घरी काही लावलं का? आठवून सांगा." आणि हर्षा छाती ठोकून सांगत होती, "काई नाई! माझी आई होती ना सोबत, विचारा तिले!"

सगळे पार्वताबाईकडे वळले.

"बिबा लावला मी," पार्वताबाई म्हणाली. "पोरगी झोपली होती."

डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ टाळू तपासली, जखम धुतली, मग हळू आवाजात सांगितलं की केसांची मुळंच जळली आहेत. जखम भरेल, पण मधल्या भागात केस येणार नाहीत. सुयांनीही नाही, कशानंच नाही.

परतीच्या एसटीत हर्षा पुढच्या सीटवर जाऊन बसली. शहापूरला फोन तिनंच केला, "येऊ नका" एवढंच म्हणाली. भोजराजचा फोन आणखी दोनदा वाजला, तिनं उचलला नाही. मग वाजायचा थांबला. घरात ती जेवायची, भांडी घासायची, कामावर जायची. आईला एक शब्द बोलली नाही, शिवीसुद्धा दिली नाही. पार्वताबाई रोज वाट पाहायची, आज तरी पोरगी आपल्या नावानं बोटं मोडेल, वाटी फेकून मारेल. बिबे फोडणं तिनं सोडलं, पण बोटं काळी ती काळीच.

फेब्रुवारीत पाचव्या बैठकीची तारीख आली. कॅलेंडरवर हर्षानंच कधीतरी लाल गोल केला होता. त्या सकाळी ती कामावर गेली नाही. जवसाच्या तेलाची वाटी घेऊन अंगणात आली, आईच्या पुढ्यात पाट मांडून पाठमोरी बसली आणि ओढणी सोडली. महिनाभरात पहिल्यांदाच. मधोमध तळहाताएवढी गुळगुळीत, लालसर जागा होती.

"लाव," ती म्हणाली.

"काय लावू व बाई?"

"तुले जे लावाचं असंल ते. आता कायनंच काई होत नाई."

आवाजात राग नव्हता. राग असता तर पार्वताबाई त्यावरही जगली असती. तिनं काळं बोट तेलात बुडवलं आणि त्या जागेवरून फिरवलं. बोट कुठंच अडलं नाही.

"दुखते का?" तिनं विचारलं.

"नाई. हात लावला का नाई, तेच समजत नाई मले."

पार्वताबाई तेल लावत राहिली.