एकतिसावं घर

"बॅरलला हात लावायचा न्हाई, सांगून ठिवते!" गंगव्वा मोरीच्या दारात आडवी उभी राहिली. "चार दिसानं एकदा नळ येतोय. सुनंनं कळश्या वाहून भरलंय त्ये."

नागाप्पानं खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. सकाळपासूनचं हे एकतिसावं घर. दोन हजार सहाचा पावसाळा सरत आला होता आणि गडहिंग्लजच्या या गल्लीत घरटी एक तरी माणूस अंथरुणाला खिळला होता. आरोग्य सेवक म्हणून बावीस वर्षं झाली होती त्याला. पण या महिन्याभरात तेच तेच सांगून स्वतःचा आवाजही नकोसा झाला होता.

"ओतून द्या म्हणत न्हाई, अव्वा. नुसतं बघू तर द्या."

त्यानं बॅटरीचा झोत पाण्यात सोडला. वर वळवळणाऱ्या अळ्या सरसर खाली बुडाल्या. पांढऱ्या वाटीत थोड्या काढून त्यानं तिच्यापुढं धरल्या.

"पाण्यातलं किडं की. आमी गाळून पितोय."

"ह्यांचंच डास हुत्यात. दिवसाढवळ्या चावत्यात. तुमच्या अमरेशला त्येच बाधलंय."

आत खाटेवर तिचा थोरला अमरेश दहा दिवस पडून होता. कूस बदलली तरी कळवळायचा.

"काय बी सांगतोस! त्येला चिकनगुन्या झालाय म्हणत्यात. आमच्या चुलीवर कवा अंडं शिजलं न्हाई, आनि कोंबडीचा रोग आमास्नी कसा हुईल?"

एरवी नागाप्पा हसला असता. तोही लिंगायताच्याच घरचा. पण आज हसण्याइतकंही त्राण नव्हतं.

"कोंबडीचा काय संबंध न्हाई. आठवड्यातनं एकदा बॅरल आतनं खसाखसा घासायचं. अंडी कडंला चिकटून ऱ्हात्यात, नुसतं पाणी बदलून जात न्हाईत. आनि तोंडाला फडकं बांधायचं."

"मग हे पाणी कुठं ठेवू? डोक्यावर?"

"गाळून भांड्यांत काढू. मी लागतो हाताला."

चौथा तांब्या त्याच्या हातून निसटला आणि फरशीवर खणखणत गेला. बोटं मिटतच नव्हती. सुजलेली पेरं गंगव्वानं पाहिली.

"तुला बी झालंय व्हय रं?"

"महिना झाला. बायकोला बी. तिला अजून भाकरी थापता येत न्हाई."

"म्हंजे तुझ्या घरात बी ह्या हुत्या?" तिनं वाटीकडं बोट केलं.

 ऑफिसात नागाप्पानं हे कुणाला सांगितलं नव्हतं.

"परड्यात जुनं उखळ हाय. त्यात पावसाचं पाणी साचलं हुतं," तो हळूच म्हणाला. "रोज पन्नास घरं बघतोय मी. माझं तेवढं बघायचं ऱ्हायलं."

 गंगव्वानं पदर खोचला, तांब्या उचलला.

"सर बाजूला."

सगळं पाणी गाळून तिनंच काढलं, बॅरल आडवं करून काथ्यानं घासलं. मग भिंतीवरून शेजारणीला हाक घातली, "शिवांजली! तुझं बॅरल मोकळं करून ठेव ग. नागाप्पा यायलाय. त्येला वाकाया लावू नगंस!"

बाहेर येऊन नागाप्पानं चौकटीवर तपासणीची तारीख लिहायला खडू काढला. चिमटीत धरवेना. मग पाटीवर पहिल्यांदा लिहिणाऱ्या पोरासारखा त्यानं तो मुठीत धरला आणि एकेक आकडा गिरवला. मोठा, वाकडा. पिशवी खांद्याला अडकवून तो शेजारच्या दाराशी गेला आणि कोपरानं दार ठोठावलं.