सासऱ्यांची मगर

माझे सासरे चाळीस वर्षं संग्रहालयात मेलेल्या प्राण्यांमध्ये पेंढा भरत होते. असं म्हटलं की ते चिडतात. "पेंढा माझ्या गुरूंच्या काळात होता, आता तार आणि फोम असतो," हे ते पाहुण्यांनाही ऐकवतात, तेही पाहुणे जेवत असताना. आमच्या बटणांच्या डब्यात बटणं कमी आणि काचेचे डोळे जास्त. शर्टाला बटण शोधायला जावं आणि घुबडानं आपल्याकडे टक लावून बघावं, याची मला आता सवय झाली आहे. नवऱ्याला ती जन्मापासून आहे.

बाबा निवृत्त झाले आणि सहा महिन्यांत संग्रहालयात नव्या मॅडम आल्या. त्यांनी सरपटणाऱ्या प्राण्यांचं दालन आवरायला काढलं आणि बाबांची मगर जिन्याखालच्या खोलीत टाकली. ही मगर बाबांचं सगळ्यात लाडकं काम. नवऱ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी, आणि त्याचं म्हणणं असं की लाडही तिचेच जास्त झाले. डावा पुढचा पंजा बाहेर वळलेला, जबडा सताड उघडा. ती मेली तेव्हाच तोंड उघडं होतं, म्हणून बाबांनी ते तसंच ठेवलं होतं.

"मगर अशी निवांत पडून तोंड कशाला वासेल? दाताच्या डॉक्टरकडे आल्यासारखी दिसते," मॅडम म्हणाल्या. बाबा तावातावानं भांडायला गेले. मॅडमनी शांतपणे एकच विचारलं, "तुम्ही जिवंत मगर कधी पाहिली आहे का?"

बाबांनी पाहिली नव्हती. त्यांच्या टेबलावर येणारा प्रत्येक जण मरूनच येत असे. घरी येऊन ते दोन दिवस जुन्या वह्या उलटत बसले. तिसऱ्या दिवशी मी भांडी लावत होते, तर मागे येऊन उभे राहिले. म्हणाले, "चाळीस वर्षं मी लोकांना खोटंच दाखवत आलो की काय गं?"

मला ते ऐकवेना. मी अभयारण्यातून जाणाऱ्या लाँचची दोन तिकिटं काढली आणि मॅडमनाही फोन लावला. मी विचारलं, खरी मगर तशी तोंड वासून पडलेली दिसली तर? "तर ती दालनात मधोमध राहील," त्या म्हणाल्या. "नाही दिसली तर मात्र भंगारात जाईल. माझ्याकडे जागा नाही."

नवऱ्याला बादलीतलं पाणी हललं तरी मळमळतं, म्हणून तो घरी राहिला. बाबा मोजपट्टी, वही आणि इस्त्रीचा शर्ट अशा तयारीनं निघाले. लाँच सुटली आणि मला कळलं, की या माणसाला बाहेर न्यायचं म्हणजे काय. लोक बगळा बघून फोटो काढत होते, बाबा म्हणाले, "मान फारच वाकवली आहे." काठावर हरणं दिसली. "पोटात भरणा कमी पडलाय." एक पाणमांजर खडकावर आलं, तर हे गाईडला विचारतात, "हे कुणाचं काम?" गाईडनं माझ्याकडे पाहिलं. मी पाण्याकडे पाहिलं.

मगरी दिसल्या, नाही असं नाही. दोघींची नुसती नाकं पाण्यावर होती. तिसरी वाळूवर झोपली होती, तोंड घट्ट मिटून. बाबा प्रत्येक वेळी वहीत एक फुली मारायचे. तिसऱ्या फुलीनंतर त्यांनी पेनाला टोपण लावलं. "आता परत फिरू या," गाईड म्हणाला, आणि बाबांचा चेहरा असा उतरला की मला गाईडच्याच तोंडात मारावीशी वाटली.

वळणावर ती दिसली. काठावर, अगदी जवळ. जबडा सताड उघडा, डावा पंजा बाहेर वळलेला. मी मोबाईल काढला. बाबा उठून उभे राहिले आणि ओरडले, "चोर! चोर आहेत सगळे!"

लाँच थांबली.

"ही माझी मगर आहे! भंगारात टाकणार म्हणाल्या आणि इथे आणून ठेवली! मंडळी, तुम्हाला फसवताहेत. आतून फोम आहे. पोटाला सत्तेचाळीस टाके आहेत, मी स्वतः घातलेत!"

"आजोबा, खाली बसा," गाईड म्हणाला. "खरी आहे ती. अंग तापलं की मगरी अशाच तोंड उघडून पडतात, तासन् तास."

"मला शिकवू नका! तिला मी बसवलीय तशी!"

ज्या एका वाक्यासाठी आम्ही एवढ्या लांब आलो होतो ते गाईड बोलून गेला होता, आणि ते ऐकायला बाबा भानावर नव्हते. ते कठड्यावरून इतके वाकले होते की मी एका हातानं त्यांचं लाइफ जॅकेट धरलं होतं. दुसऱ्या हातानं काढलेल्या फोटोंत त्यांची पाठ, माझा अंगठा आणि भरपूर आकाश आलं.

मगर तसूभरही हलेना. पाच मिनिटं गेली. लोकांत कुजबुज सुरू झाली. दुर्बीणवाले एक गृहस्थ म्हणाले, "टाके दिसताहेत हं." एका बाईंनी गाईडला तक्रारवही मागितली.

तेवढ्यात मगरीनं खाडकन जबडा मिटला आणि सरसरत पाण्यात शिरली. सगळे किंचाळले. दुर्बीणवाले बाकाखाली गेले.

बाबा मटकन खाली बसले. मला वाटलं, घाबरले. पण डोळे भरून आले होते.

"मला कळलंच नाही गं," ते म्हणाले. "खरी कुठली आणि माझी कुठली, माझं मलाच कळलं नाही!"

मगाशी मला त्यांचा इतका राग आला होता, पण त्या क्षणी या माणसाची सून असल्याचा मला अभिमान वाटला. मी गाईडकडून तिकिटाच्या मागे त्याचं वाक्य लिहून घेतलं, खाली सही घेतली आणि त्या तिकिटाचा फोटो मॅडमना पाठवला. हा फोटो मात्र स्पष्ट आला. धक्क्याला लागेपर्यंत उत्तर आलं: "मधोमध ठेवते. धूळ झटकायला बाबांना पाठवाल का?" बाबांनी ते तीनदा वाचलं आणि मोबाईल मला परत द्यायला विसरले.

धक्क्यावर प्रवाशांनी पाहिलेले प्राणी लिहायची वही होती. प्राणी, संख्या, शेरा. बाबांनी वळणदार अक्षरात लिहिलं: मगर, एक. शेऱ्याच्या रकान्यापाशी बराच वेळ थांबले. मग लिहिलं: जिवंत.

गाईडनं डोकावून पाहिलं. "आजोबा, आमच्याकडे सगळ्या जिवंतच असतात."

"असतील," बाबा म्हणाले. "पण लिहून ठेवलेलं बरं. लांबून कळत नाही."